बाबासाहेबांचे वाक्य आहे? मग खंड आणि पान सांगा!

रोज सकाळी मोबाईलवर निळ्या रंगात बाबासाहेबांचा फोटो आणि खाली एक वाक्य येते. आम्ही 'जय भीम' म्हणतो आणि पुढे पाठवतो. ते कुठे म्हणाले, कधी म्हणाले, हे विचारतो कोण?

असेच एक वाक्य आम्ही विकिक्वोटवर, म्हणजे कुणालाही भर घालता येईल अशा अवतरणसंग्रहात टाकले. थोड्याच वेळात ते काढले गेले. "तिथेही मनुवादी बसलेत!" असे आम्ही ओरडलो. मग पानाचा 'इतिहास' उघडला. कारण दोनच शब्दांचे होते: संदर्भ नाही. आम्ही खंड चाळले. वाक्य सापडले नाही. चूक आमचीच होती.

बाबासाहेबांच्या नावावर खोटी वाक्ये खपवणारे विरोधक कमी नाहीत. त्यांना 'पुरावा दाखवा' म्हणायचे आणि आपण मात्र बिनपुराव्याचे वाटायचे, हे कसे चालेल? आपली आवडती त्रिसूत्रीच घ्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या इंग्रजी भाषणात 'शिका'नंतर 'चेतवा' येते आणि 'संघटित व्हा' शेवटी. आपल्या फलकांवर क्रम वेगळा आहे. किती जणांनी मूळ पाहिले?

काही मित्र म्हणतात, छापील पुरावा मागणे हाच ब्राह्मणी कावा आहे. आमचा इतिहास जलशांत आणि आयाबायांच्या ओठांवर आहे. यातली वेदना खरी आहे. छापखाने कुणाच्या हातात होते, हे आम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेबांनाही ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि १९३० मध्ये 'जनता' काढले. तोंडी आहे ते लिहून घ्या, छापा, मग त्याचाच संदर्भ द्या.

तेव्हा शिका. आधी धूळपाटीवर सराव करा. वाक्य जसेच्या तसे लिहा. खाली ग्रंथ किंवा भाषण, तारीख, खंड, पान द्या. अनुवाद असेल तर मूळ वाक्य आणि अनुवादकाचे नाव द्या. शंका असेल तर 'विवादित' म्हणून वेगळे ठेवा. काय बदलले ते संपादन सारांशात लिहा. वाद झाला तर शिवीगाळ नको. चर्चा पानावर मुद्दा मांडा, खाली सही करा. पानाच्या नावात उपाध्या लावू नका. बाबासाहेबांचे नावच पुरेसे आहे.

महाराष्ट्र शासन १९७९ पासून हे खंड छापत आले आहे. १९८७ मध्ये चौथ्या खंडातील राम-कृष्णावरचे प्रकरण गाळा, अशी ओरड झाली. तेव्हा ते वाचवण्यासाठी आपली माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली. ज्या पानांसाठी आपले आईबाप रस्त्यावर उतरले, ती पाने उघडायचा आपल्याला कंटाळा?

पुढचे वाक्य पाठवण्याआधी खंड उघडा. सापडले तर पान क्रमांकासह नोंदवा. नाही सापडले तर तिथेच थांबा.

जय भीम!