गुडघेदुखीच्या गोळीचे मूळ

पेढीच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्यांच्या घरी गुडघेदुखी अपरिचित नसते, आणि कॉन्ड्रॉइटिन-ग्लुकोसामीनची गोळीही. वेष्टनावरील नावे सगळे वाचतात. ती गोळी कशापासून बनते, हे क्वचितच कोणी विचारतो.

सांध्यांच्या कूर्चेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट व केराटन सल्फेट या शर्करांच्या लांब साखळ्या असतात. प्रथिनाच्या दांड्यावर त्या ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात. त्यांच्यावरील ऋणभारामुळे पाणी धरून ठेवले जाते. दाब झेलण्याची कूर्चेची शक्ती त्या पाण्यातच आहे. हेच केराटन सल्फेट डोळ्याच्या पारपटलात तंतूंमधील अंतर सारखे राखते. जन्मजात दोषाने त्याला सल्फेट जोडले गेले नाही, तर पारपटल धुरकट होते आणि पुढे नेत्रदानातून मिळालेले पटल बसवावे लागते.

गोळीतील कॉन्ड्रॉइटिन मात्र बहुधा गाय, डुक्कर वा शार्क यांच्या कूर्चेतून काढलेले असते. ग्लुकोसामीन पुष्कळदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून. मक्यापासून किण्वनाने केलेले ग्लुकोसामीनही मिळते, पण ते मागून घ्यावे लागते. आणि लाभ? अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांना या दोहोंचा उपयोग औषधहीन गोळीहून लक्षणीय अधिक झाला नाही. अशी गोळी सोडण्यात फारसे गमावण्यासारखे नाही.

याच कुळातील हेपारिनची गोष्ट निराळी. ते डुकराच्या आतड्यातून येते; हृदयशस्त्रक्रियेत वा डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिले जाते. तेथे प्रश्न जिवाचा असल्याने ते परस्पर नाकारू नये. फॉन्डापॅरिनक्ससारखे कृत्रिम औषध काही प्रसंगी चालते, सर्वत्र नव्हे. म्हणून डॉक्टरांशी हे बोलणे शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे, तारीख ठरतानाच व्हावे.