भीतीची मजुरी

जंगल, चिखल, मोडका पूल, पुलावर डुलत चाललेला मालट्रक आणि ट्रकात असे काही सामान की जरा हिसका बसला तर सगळेच खलास! असा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी कोणी पाहिला नाही? जत्रेतल्या तंबूत पाहिला, व्हिडिओवर पाहिला, आता पोरे मोबाईलवर पाहतात. चित्रपटाचे नाव ध्यानात राहत नाही, नटही राहत नाही. तो पूल तेवढा राहतो. घरातल्या बाया म्हणतात, "काय ते नुसते ढिशांव ढिशांव!" आणि पोरे जागची हलत नाहीत.

हे चित्रपट बहुतेक कमी पैशात काढलेले असतात. गोष्ट एका देशातली, नट दुसऱ्या देशाचे, पैसा तिसऱ्याचा आणि जंगल पुष्कळदा फिलिपीन्सचे. अँटोनिओ मार्गेरिटी नावाचा एक इटालियन दिग्दर्शक होता. आपला चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून तो पाटीवर अँथनी डॉसन असे नाव लावी, आणि खरे पूल, खऱ्या गाड्या उडवणे परवडत नसे तिथे लहान प्रतिकृती करून उडवी. आपल्याला तंबूत मागे बसून काय कळणार! पण त्यात फसवणूक म्हणावी असे आम्हांस काही दिसत नाही. गरिबाचा मांडव साड्यांचाच असतो.

या साऱ्या ट्रकपटांचा आजोबा मात्र अस्सल आहे. जॉर्ज आर्नो या फ्रेंच लेखकाच्या १९५० सालच्या कादंबरीवरून आंरी-जॉर्ज क्लूझो याने १९५३ साली एक चित्रपट केला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'भीतीची मजुरी' असे होईल. गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या एका भणंग गावची. गावात काम नाही, बाहेर जायला पैसा नाही. दूरवर एका अमेरिकन कंपनीच्या तेलाच्या विहिरीला आग लागते. अशी आग पाण्याने विझत नाही. मोठा स्फोट करून ज्वाळेचा प्राणवायूच तोडावा लागतो. त्यासाठी नायट्रोग्लिसरीन हवे. हे द्रव्य इतके नाजूक की धक्का लागला की फुटते. ते साध्या ट्रकांतून, खराब रस्त्याने, शेकडो मैल न्यायचे. मजुरी माणशी दोन हजार डॉलर.

आता खरी मेख ऐका. कंपनीकडे स्वतःचे ड्रायव्हर नाहीत का? आहेत. पण त्यांची युनियन आहे; ती हे काम होऊ देणार नाही. म्हणून कंपनीचा साहेब म्हणतो, गावातले बेकार घ्या. त्यांना युनियन नाही, घरदार नाही. मेले तर भरपाई मागायलाही कोणी येणार नाही! आम्हांस विचाराल तर अख्ख्या चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग हाच. पुढे खड्ड्यांचा रस्ता आहे, कुजलेल्या फळ्यांवरचे वळण आहे, तेलाच्या डबक्यात अडकलेला सोबती आहे. पण ते सारे या एका वाक्यातून निघाले आहे. चार माणसे, दोन ट्रक. किती परत येतात ते सांगून आम्ही गंमत घालवत नाही.

ज्यांच्या घरी ड्रायव्हर-क्लीनर आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्रीच्या अंधारात चढावर कण्हत निघतो. मागे लाल दिवा असला तर नशीब. मोबदला टनावर ठरलेला, म्हणून ऊस कडेच्या बाहेर लोंबेपर्यंत भरायचा. मालकाने कारखान्याची उचल घेतलेली, मुकादमाने मालकाची, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या पोराच्या हातात एखादा कागदही नसतो. हा काही फ्रान्सचा प्रश्न नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, १९४३ च्या नोव्हेंबरात, मालकाने कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे असे दुरुस्ती विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते, हे इथे आठवते.

असो. याच १९४३ सालात आपल्या मुलखात काय चालले होते? कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते आणि भोवतालचा मुलूख सातारा जिल्ह्यात. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे ठाणे, आणि कुंडलचेच जी. डी. बापू लाड हे तुफान सेनेचे एक प्रमुख. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ पुणे-मिरज रेल्वेगाडी अडवली. गाडीत सरकारी पगाराचा पैसा होता. बंदुका नव्हत्या; विळे, लाठ्या आणि एखाद-दुसरा गावठी बॉम्ब. रुळावर दगड रचून गाडी थांबवली आणि ती मागे पळू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही दगड रचले! कुंडलच्याच कॅप्टन भाऊंनी, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाडांनी, ही हकीकत म्हातारपणी पत्रकार पी. साईनाथ यांना सांगितली. 'आम्ही गाडी लुटली' असे म्हटलेले त्यांना खपत नसे. लोकांचाच चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे. २०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी तिकडे धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये नेले, त्यातही बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते.

पण जंगलातली कामगिरी म्हणाल तर ती गोव्याची. आणि तिची नायिका एक बाई आहे.

नाना पाटलांची कन्या हौसाबाई. जन्म १९२६ चा, म्हणजे १९४४ साली वय अठराच्या घरात. आधी तिचे एक सोंग ऐका. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक 'नवरा' बायकोला बेदम मारतो आहे. ती ओरडते आहे. तो मोठा धोंडा उचलतो. पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावतात, आणि तेवढ्यात साथीदार आतून बंदुका उचलून पसार होतात! मार मात्र खरा खावा लागला, कारण खोटा मार पोलिसांना ओळखू आला असता.

त्याच साली प्रतिसरकारने गोव्यातून हत्यारे आणायचे ठरवले. गोवा पोर्तुगीजांचा. हत्यारे आणताना बाळ जोशी हा साथीदार पकडला गेला. बापू लाडांनी ठरवले, त्याला सोडवल्याशिवाय परतायचे नाही. हौसाबाई तुरुंगात गेली ती त्याची 'बहीण' म्हणून. सुटकेचा बेत एका चिठोऱ्यावर लिहिलेला, आणि चिठोरे तिच्या अंबाड्यात. झडती घेणाऱ्याने सगळे पाहिले असेल, बाईचा अंबाडा कोण सोडणार! पोलिसांच्या हाती न लागलेली हत्यारेही परत मिळवून त्यांच्या वाहतुकीची वेगळी व्यवस्था लावली.

आता परतायचे कसे? पोलिसांनी तिचा चेहरा पाहिलेला, म्हणून आगगाडी नको. वाटेत मांडवी नदी. होडी नाही, नावाडी नाही. बाकीचे पोहणारे. एक लाकडी पेटी सापडली. हौसाबाई त्या पेटीवर पालथी झोपली आणि मध्यरात्री, काळ्या पाण्यावरून, पोहणाऱ्या साथीदारांच्या सोबतीने पैलतीराला लागली. तिथून पुढे जंगलातून पायी. घर गाठायला पंधरवडा लागला. पुढे काही दिवसांनी बाळ जोशीही तुरुंगातून निसटला.

मोडक्या पुलावरच्या ट्रकाशी या लाकडी पेटीची तुलना करून पाहा. त्या चित्रपटातली माणसे दोन हजार डॉलरसाठी निघाली, कारण त्यांच्यापुढे दुसरे काही नव्हते. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. उपाशी माणूस जिवाची किंमत कमीच सांगतो. हौसाबाईला मात्र कोणी काही देऊ केले नव्हते. शिवाय ट्रकपटांत बाई असलीच तर ती निरोप द्यायला दारात उभी असते. हौसाबाई २०२१ साली, पंचाण्णव वर्षांची होऊन गेली. तिच्यावर ढिशांवपट काढायला खर्च तो काय? एक पेटी, एक नदी, चार पोहणारे आणि अंधार. मार्गेरिटीने प्रतिकृतींवर याहून जास्त पैसा घातला असेल!

आमची एक खंत आहे. अशा हकिकतींत पुढाऱ्यांची नावे राहिली, ती रास्तच आहेत. पण भूमिगतांना भाकरी कोणी पोचवली, निरोप कोणी नेला, पोलीस येताहेत हे गावकुसाबाहेरून कोणी आधी कळवले? रात्री-अपरात्री निरोप घेऊन जाण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी होते हे आपल्याला ठाऊक आहे. त्या पायांची नोंद छापील पुस्तकांत फारशी नाही. कुंडल, पलूस, वाळवा, कराड, खानापूर या बाजूला ज्यांची घरे आहेत, त्यांच्या आज्या-पणज्यांनी काही सांगितलेले असेल. दिवाळीला मुंबई-पुण्याहून गावी जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि विचारा. काय नेले, कोणाकडे नेले, कोणत्या वाटेने नेले, एवढे लिहून आमच्याकडे धाडा. शुद्धलेखनाची काळजी नको. साल नक्की ठाऊक नसेल तर 'पत्रीसरकारच्या वेळी' असे लिहिले तरी चालेल.