कैदेची खातरजमा कोणी करावी?

ऊसतोडीसाठी दरसाल गाव सोडणाऱ्या पाटोदा तालुक्याला, दूर गेलेल्या माणसाची खुशाली न कळणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. उद्या यांतील कोणी आखाती देशात मजुरीस गेला आणि ‘तो तुरुंगात आहे’ एवढीच वार्ता मागे आली, तर घरच्यांनी ती पडताळावी कोठे?

मुंबईचा हमीद अन्सारी नोव्हेंबर २०१२ मध्ये पाकिस्तानात कोहाट येथे बेपत्ता झाला. २००८ च्या करारान्वये उभय देश दर १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. तरीही तो लष्कराच्या ताब्यात असल्याची कबुली जानेवारी २०१६ मध्ये मिळाली. तीही त्याच्या आईने पेशावर उच्च न्यायालयात दाद मागितल्यामुळे. डिसेंबर २०१८ मध्ये तो मायदेशी परतला.

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, बंदिवानाने मागणी करताच त्याच्या वकिलातीस विनाविलंब कळविणे बंधनकारक आहे. परंतु ती मागणी कोठडीबाहेर पोहोचूच दिली नाही तर? कुलभूषण जाधव प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये पाकिस्तानला या कराराच्या भंगाबद्दल दोषी ठरविले. असा निवाडा मिळविण्यास शासनाचे बळ मागे असावे लागते.

तेच बळ मजुराच्या घरालाही मिळाले पाहिजे. दलालाच्या शब्दावर कोणी पैसे मोजू नयेत. कार्यकर्त्यांनी पासपोर्टच्या नकलेसह वकिलातीकडे लेखी विचारणा करावी, पोच जपावी व उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. नागरिक कोठे आहे, याचे उत्तर देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते शोधण्याचा भार आईच्या माथी मारता येणार नाही.