लेखाशीर्ष पुसले, कपात लपली

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम महापालिकेने ५ सप्टेंबर २०२३ रोजी जमाखर्चाची तोंडमिळवणी करणे अशक्य झाल्याची जाहीर कबुली दिली. त्यानंतर चर्चा रंगली ती करवाढीची, मंद केल्या जाणाऱ्या पथदिव्यांची, आठवड्याऐवजी पंधरवड्याने फिरणाऱ्या कचरागाड्यांची आणि विक्रीस काढलेल्या मालमत्तांची. सुमारे साडेअकरा लाख वस्तीच्या या शहरातील बालकांच्या आणि युवकांच्या आरोग्यासाठी येणारा पैसा मात्र त्याआधी बारा वर्षांपासून आटत होता. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, कारण तो कमी होण्यापूर्वी त्याचे स्वतंत्र नाव काढून घेण्यात आले होते. अनेक लहान अनुदाने एका मोठ्या अनुदानात मिसळली गेली, ते मोठे अनुदान पुढे सर्वसाधारण निधीत विरघळले, आणि कपात नेमकी कशात झाली हे सांगणारे लेखाशीर्षच उरले नाही.

तुटीच्या काळात योजनांचे एकत्रीकरण हा सर्वांत कमी वेदना देणारा उपाय समजला जातो. केंद्र बंद केले तर मोर्चा येतो, योजना एकत्र केल्या तर फक्त परिपत्रक निघते. बर्मिंगहॅमचा अनुभव या उपायाची खरी किंमत दाखवून देतो.

तूट आली कोठून?

ब्रिटिश कायद्यानुसार महापालिकेचे खासगी कंपनीसारखे दिवाळे निघत नाही. उत्पन्नात खर्च भागणार नाही असे दिसताच मुख्य वित्त अधिकाऱ्याने १९८८ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमाखाली नोटीस काढायची आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा वगळता नवा खर्च थांबवायचा, अशी पद्धत आहे. बर्मिंगहॅमवर ही वेळ येण्यामागे तीन कारणे होती. स्वयंपाक, सफाई आणि देखभालीची कामे करणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना समकक्ष कामावरील पुरुषांपेक्षा कमी मोबदला दिल्याबद्दलची देणी, हे पहिले कारण. या वादात २०१२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने महिलांच्या बाजूने महत्त्वाचा निकाल दिला. २०२३ पर्यंत महापालिकेने सुमारे ११० कोटी पौंड मोजले होते आणि आणखी ६५ ते ७६ कोटी पौंडांची देणी बाकी असल्याचा तेव्हाचा अंदाज होता. हा अंदाज फुगवलेला असल्याची टीका पुढे झाली. दुसरे कारण म्हणजे ओरॅकलची नवी संगणकप्रणाली. सुमारे १.९ कोटी पौंडांत होणाऱ्या या कामाचा खर्च १० कोटी पौंडांच्या घरात गेला. तिसरे कारण म्हणजे २०१० नंतर केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या निधीत झालेली घट. दशकभरात आपले सुमारे १०० कोटी पौंड कापले गेले, असे महापालिकेचे म्हणणे आहे.

सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये कारभारावर देखरेखीसाठी आयुक्त नेमले. मार्च २०२४ मध्ये दोन वर्षांत ३० कोटी पौंडांची काटकसर करणारे अंदाजपत्रक मंजूर झाले आणि घरपट्टीत त्या वर्षी जवळपास १० टक्के वाढ झाली. कात्री लावताना कायद्याने बंधनकारक सेवा आणि ऐच्छिक सेवा हा भेद निर्णायक ठरला. अत्याचारग्रस्त बालकाचे संरक्षण बंधनकारक असते. पण ते कुटुंब त्या टोकाला जाऊ नये म्हणून आधीच मदत करणारा कार्यकर्ता, संध्याकाळी उघडणारे युवक केंद्र, किशोरवयीनांचा समुपदेशक यांना कायद्याचे तेवढे भक्कम संरक्षण नाही. युवक सेवेबाबतचे कर्तव्य कायद्यात आहे, पण ते ‘शक्य असेल तेवढे’ अशा सैल शब्दांत. साहजिकच कात्री प्रथम तिकडे वळली. ज्या शहरात जवळपास ४० टक्के रहिवासी २५ वर्षांखालील आहेत आणि बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीहून लक्षणीय जास्त आहे, तेथे हे घडले.

२०११ चे एकत्रीकरण

मात्र या सेवांचे कवच २०२३ मध्ये निघाले नाही. ते निघाले २०११ मध्ये. तोपर्यंत इंग्लंडमधील महापालिकांना मुलांसाठी वेगवेगळ्या नावांची अनुदाने मिळत. पाच वर्षांखालील मुले आणि त्यांच्या पालकांना आरोग्य, खेळ, सल्ला एकाच छताखाली देणारी ‘शुअर स्टार्ट’ केंद्रे, किशोरवयीन गर्भधारणा रोखण्याचा कार्यक्रम, तरुणांतील व्यसनमुक्ती, ‘कनेक्शन्स’ ही मार्गदर्शन सेवा, अपंग मुलांच्या पालकांना थोडी उसंत मिळवून देणारी योजना, अशी ही यादी होती. डेव्हिड कॅमेरॉन यांच्या आघाडी सरकारने २०११-१२ पासून अशी वीसहून अधिक अनुदाने एकत्र करून ‘अर्ली इंटरव्हेन्शन ग्रँट’ हे एकच अनुदान सुरू केले. खर्चाची बंधने काढून टाकली. गरज कोठे आहे हे शहरांना अधिक कळते, तेव्हा दिल्या पैशाचा विनियोग त्यांनीच ठरवावा, ही त्यामागची भूमिका होती.

ही भूमिका पोकळ नव्हती. लहानलहान अनुदानांचे जाचही खरे होते. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, अहवाल वेगळा, मुदत वेगळी. एकाच घरातील आईचे नैराश्य, धाकट्याचे कुपोषण आणि थोरल्याचे व्यसन यांसाठी तीन योजनांचे तीन कार्यकर्ते दारात येत आणि एकाला दुसऱ्याची खबर नसे. संस्थांचा बराच वेळ कागदपत्रांत जाई. अशा वेळी पैसा एकत्र करून कुटुंबाकडे एकसंध पाहणे शहाणपणाचे होते.

परंतु स्वातंत्र्य आणि कपात एकाच पाकिटातून आली. विलीन झालेल्या योजनांना २०१०-११ मध्ये जेवढी एकत्रित रक्कम मिळत होती, तिच्यापेक्षा नवे अनुदान पहिल्याच वर्षी १०.९ टक्क्यांनी कमी होते. एकूण रक्कम होती सुमारे २२० कोटी पौंड. दोन वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, या अनुदानाचा मोठा भाग व्यवसाय करातून महापालिकांना मिळणाऱ्या सर्वसाधारण निधीत वर्ग झाला. म्हणजे शुअर स्टार्टचा पैसा आता वृद्धांची देखभाल, रस्ते आणि कचरा यांच्याशी स्पर्धा करू लागला. वृद्धांची देखभाल कायद्याने बंधनकारक आणि वाढत्या खर्चाची. स्पर्धेचा निकाल उघड होता.

आकडे काय सांगतात?

लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने केलेल्या मोजणीनुसार शुअर स्टार्टवरील खर्च २००९-१० मध्ये, महागाई जमेस धरता, १८० कोटी पौंड होता. २०१७-१८ मध्ये तो ६० कोटींवर आला. आठ वर्षांत दोन तृतीयांश पैसा गेला, पण ‘शुअर स्टार्ट बंद’ असा निर्णय कोणत्याही मंत्र्याने संसदेत जाहीर केला नाही. युवक सेवांचे चित्र याहून विदारक आहे. वायएमसीएच्या पाहणीनुसार इंग्लंडमधील महापालिकांचा युवक सेवांवरील खर्च २०१०-११ नंतरच्या काळात ७३ टक्क्यांनी घटला.

या घसरणीनंतर काही वर्षांनी, गमावलेल्याचा हिशेब लागला. याच संस्थेच्या २०२१ मधील अभ्यासाने दाखवले की, शुअर स्टार्टमुळे ११ ते १५ वर्षे वयाच्या मुलांचे वर्षाला १३ हजारांहून अधिक रुग्णालय प्रवेश टळत होते. २०२४ च्या अभ्यासात या केंद्रांजवळ वाढलेल्या गरीब मुलांची शालान्त परीक्षेतील कामगिरी सुधारल्याचे आढळले, तर २०२५ मध्ये प्रत्येक पौंडाच्या खर्चामागे सुमारे दोन पौंडांचा लाभ झाल्याचा निष्कर्ष निघाला. या लाभाचे वेळापत्रक ध्यानात घेण्यासारखे आहे. तीन वर्षांच्या मुलावर केलेल्या खर्चाचे फळ ते मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर दिसते. अंदाजपत्रक एका वर्षाचे आणि निवडणूक चार वर्षांची असते. शिवाय वाचलेल्या पैशाचा मोठा भाग रुग्णालयांच्या खात्यात जमा होतो, महापालिकेच्या नव्हे. खर्च एकाने करायचा आणि बचत दुसऱ्याची व्हायची, अशा योजनेला तुटीच्या वर्षी कोणी वाली राहत नाही.

बर्मिंगहॅमने स्वतःच्या पातळीवरही एकत्रीकरण केले. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या घरी भेट देणाऱ्या आरोग्य परिचारिकांच्या सेवेची जबाबदारी देशभरात महापालिकांकडे आली. त्यानंतर जानेवारी २०१८ पासून शहराने या परिचारिका आणि बालकेंद्रे यांची एकत्र सांगड घालून ‘बर्मिंगहॅम फॉरवर्ड स्टेप्स’ ही सेवा सुरू केली. सार्वजनिक आरोग्य संस्था आणि बार्नार्डोजसारख्या स्वयंसेवी संस्था तीत भागीदार झाल्या. परिचारिकेची भेट आणि केंद्रातील मदत जोडली जाणे पालकांच्या सोयीचेच होते. परंतु याच फेररचनेत अनेक बालकेंद्रांना कुलूप लागले. सुधारणा आणि कपात पुन्हा हातात हात घालून आल्या.

नुसते राखीव ठेवून भागत नाही

मग प्रत्येक योजनेचा पैसा राखून ठेवणे हाच उपाय म्हणावा का? तसेही नाही. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याचे अनुदान २०१३ पासून राखीव आहे. ते रस्त्यांवर खर्च करता येत नाही. आरोग्य परिचारिकांची सेवा त्यातूनच चालते. पण अनुदान राखीव राहिले आणि आक्रसत गेले. २०१५-१६ नंतरच्या दहा वर्षांत माणशी रक्कम, महागाई जमेस धरता, सुमारे एक चतुर्थांशाने घटली. त्याच काळात इंग्लंडमधील आरोग्य परिचारिकांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक कमी झाली. नावाला संरक्षण मिळाले, रकमेला मिळाले नाही.

दोन्ही गोष्टी साधण्याचा प्रयत्न अटलांटिकपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोने केला. तेथील मतदारांनी १९९१ मध्ये शहराच्या सनदेत दुरुस्ती करून मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा मुलांसाठी राखून ठेवला. त्यातील कळीची अट अशी की, नवा निधी आला म्हणून शहराने मुलांवरील आधीचा खर्च कमी करायचा नाही. २०१४ मध्ये मतदारांनी या तरतुदीला आणखी २५ वर्षांची मुदत दिली. त्याच शहरात २०१६ मध्ये मंजूर झालेल्या गोड पेयांवरील कराची गत निराळी. तो सर्वसाधारण कर असल्याने पैसा सामाईक तिजोरीत जातो आणि बालआरोग्यासाठी त्याचा विनियोग कसा व्हावा, याची समिती केवळ शिफारस करू शकते. पहिल्या निधीमागे सनद आहे, दुसऱ्यामागे फक्त सदिच्छा. तूट आली की हा फरक जाणवतो.

पुन्हा तेच वळण

हा सारा इतिहास उगाळण्याचे कारण म्हणजे इंग्लंड पुन्हा त्याच वळणावर आले आहे. केअर स्टार्मर यांच्या सरकारने २०२६-२७ या आर्थिक वर्षापासून महापालिकांची अनेक अनुदाने मोजक्या गटांत एकत्र आणली. त्यात ‘मुले, कुटुंबे आणि युवक’ असे एक अनुदान आहे. सार्वजनिक आरोग्याच्या अनुदानात धूम्रपानमुक्ती आणि व्यसनमुक्तीचे निधी मिळवण्यात आले आहेत. २०११ च्या तुलनेत या वेळी दोन गोष्टी बऱ्या आहेत. या अनुदानांना स्वतंत्र नाव आहे आणि निधीची कल्पना एकाऐवजी अनेक वर्षांसाठी आधीच देण्यात आली आहे.

तरीही बर्मिंगहॅमसारख्या शहरासाठी प्रश्न तोच राहतो. विलीन झालेल्या प्रत्येक योजनेवर आदल्या वर्षी किती खर्च होत होता, याची नोंद नव्या अंदाजपत्रकात राहणार आहे काय? एकत्रीकरणातून कागदपत्रांचा खर्च वाचला तर ती बचत परिचारिकेच्या भेटींकडे जाणार की जुन्या देण्यांकडे वळणार? आणि किती घरी भेटी झाल्या, किती युवक केंद्रे संध्याकाळी उघडी राहिली, याचे आकडे दरवर्षी नगरसेवकांसमोर येणार काय? या तीन नोंदींसाठी फार पैसा लागत नाही. २०११ मध्ये त्या ठेवल्या गेल्या असत्या, तर दोन तृतीयांश पैसा जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, असे म्हणण्याची सोय कोणालाच राहिली नसती.