तराफा कोणी बांधला?

सह्याद्रीतील एखाद्या धरणाच्या फुगवट्यावर तंबू ठोकून 'स्थानिक आदिवासी बांधवांच्या सहकार्याने' बांबूचा तराफा बांधणे हा शहरी मराठी मध्यमवर्गाचा एक प्रतिष्ठित छंद झाला आहे, आणि छंदामागोमाग रीतीप्रमाणे लेखही आले आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. पहाटेचे धुके, चुलीवरची भाकरी, कमी बोलणारा वाटाड्या, त्याचे 'निरागस' हसू. आणि अखेरीस लेखकाला होणारा साक्षात्कार की, ही माणसे निसर्गाशी एकरूप आहेत, गरजा थोड्या म्हणून सुखी आहेत. असा एक लेख काही वर्षांपूर्वी आम्हीही लिहिला होता. तेव्हा पुढील तक्रारीत आरोपींच्या रांगेत आम्हीही उभे आहोत.

त्या शिबिरात दोन कातकरी गृहस्थांनी आम्हांला तराफा बांधायला शिकवले. आम्ही त्या लेखात लिहिले: 'त्यांच्या हातांना बांबू जणू ओळखत होता.' वाक्य गोंडस होते आणि खोटे होते. बांबू कोणाला ओळखत नाही. माणसाला बांबू ओळखावा लागतो. तरंगण्यासाठी पोकळ, जाड घेराचा कळक. आडव्या दांड्यांसाठी जवळजवळ भरीव असलेला माणगा. ओला बांबू जड, म्हणून तो आधी वाळवलेला. दोन गाठींमधले प्रत्येक पेर म्हणजे हवेची एक बंद कोठडी. म्हणून खिळा वर्ज्य. खिळ्याने बांबू उभा चिरतो, पेरात पाणी शिरते आणि तराफा एका अंगाने बसू लागतो. म्हणून दोरीचेच बांधकाम, आणि तेही प्रत्येक सांध्यावर वेगळे, कारण एक गाठ सुटली तरी बाकीच्या धरून राहिल्या पाहिजेत. आमच्यातील एका अभियंत्याने खिळे सुचवले, तेव्हा त्यांपैकी वडीलधाऱ्याने वाद घातला नाही. एका तुकड्यात खिळा ठोकून तो त्यांनी पाण्यात दाबून धरला आणि आम्हांला बुडबुडे दाखवले.

याला प्रात्यक्षिक म्हणतात. शहरातील महाविद्यालयात कोणी असे शिकवले तर आपण त्याला प्राध्यापक म्हणतो. आम्ही त्यांना 'निसर्गपुत्र' म्हटले. ज्ञानाला सहजप्रवृत्ती ठरवण्याचा फायदा उघड आहे: ज्ञानाचे मोल द्यावे लागते, प्रवृत्तीचे कौतुक केले की भागते. शिबिर संपताना आम्हां प्रत्येकाला 'तराफा-बांधणी प्रशिक्षण' पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळाले. खाली आयोजकांची सही होती. ज्यांनी शिकवले त्यांना दिवसाची मजुरी मिळाली.

आता त्या बांबूविषयी. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू हे गवत आहे, भात आणि उसाच्या कुळातले. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला 'वृक्ष' या व्याख्येत बसवले आणि वनातला बांबू हे सरकारी लाकूड झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. २०१७ मध्ये 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तरी त्या दुरुस्तीची सवलत वनाबाहेर वाढणाऱ्या बांबूसाठी होती. म्हणजे नव्वद वर्षे कायद्याने गवताला झाड म्हटले, आणि घराच्या कुडासाठी ते तोडणाऱ्याला चोर. कातकरी हे नावच कातावरून पडलेले. खैर तोडण्यावर वनखात्याचे निर्बंध आले, धंदा गेला, नाव तेवढे उरले. हे ज्याच्या पाठीशी आहे त्याच्या कमी बोलण्यात आम्हांला शांती दिसली. तो सावधपणाही असू शकतो, ही शंका लेखात कुठेही नव्हती.

यावर सांगितले जाते की, अशा शिबिरांनी रोजगार मिळतो. मिळतो, आणि तो बंद व्हावा असे आमचे म्हणणे नाही. पण रोजगार देणारा उपकारकर्ता आणि विद्या देणारा मजूर, ही वाटणी कोणी केली? दुसरा आक्षेप साहित्यिक आहे: ललित लेखात कायदे कशाला? तर ज्या लेखात धुक्याला तीन परिच्छेद मिळतात, त्यात कोयता चालवणाऱ्याच्या हक्काला एक वाक्य मिळू नये, हा सौंदर्यविचार नव्हे. ती सोय आहे.

त्या वडीलधाऱ्यांना निघताना आम्ही विचारले होते, 'काका, लेखात तुमचे नाव घालू का?' ते म्हणाले, 'नाव नको. काम शिकवलं, येवढं लिवा.' आम्ही त्यांचे हसू लिहिले. आज, उशिरा का होईना, सांगितलेले तेवढे लिहितो: त्यांनी आम्हांला काम शिकवले.