दोष मुंगसाचा की खुराड्याचा?

खानापूर तालुक्यातील जंगलकाठच्या गावांत बहुतेक घरांच्या परड्यात पाच-दहा कोंबड्या असतातच. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांच्या वह्या आणि सहलीची वर्गणी आईने अंडी विकून जमवलेल्या पैशांतून येते. देशी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते आणि खुडूक बसली की पिले निघायला 21 दिवस लागतात. त्यामुळे एखाद्या दुपारी मुंगसाने चार तलंगा मारल्या, तर ते नुकसान आम्ही किरकोळ मानत नाही. त्या घराचा राग आम्हाला समजतो.

मात्र त्या रागाच्या भरात पुढे जे केले जाते, त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. मेलेल्या कोंबडीला विष चोळून ती कुंपणाजवळ टाकली जाते. क्लच वायरचे फास लावले जातात. धामण दिसली की काठी उचलली जाते. आमच्या मते हे चुकीचे तर आहेच, शिवाय त्याने कोंबड्याही वाचत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे चोर कोण, हे कोणी पाहत नाही. भरदिवसा कोंबडी मेली तर संशय मुंगसावर किंवा मोकाट कुत्र्यावर घ्यावा, कारण मुंगूस दिवसाच हिंडते. उघड्या अंगणातून पिलू उचलले गेले तर ते काम घारीचे किंवा शिक्र्याचे. रात्री खुराडे फुटले तर रानमांजर, उदमांजर, कोल्हा किंवा पुन्हा कुत्रा. अंडी नाहीशी झाली तर घूस, घोरपड, नाग असे अनेक जण त्यात असू शकतात. हे न पाहता समोर दिसेल त्याला मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसरी गोष्ट विषाची. विष कोणाला ओळखत नाही. ज्याच्यासाठी ठेवले ते जनावर येण्याआधी घरचे कुत्रे, शेजारचे मांजर किंवा कावळा ते खातो. रांगणारे मूल तेथे पोहोचले तर काय होईल, याचा विचार पालकांनीच करावा. फोरेट, ज्याला आपण थिमेट म्हणतो, त्याच्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुनी पिशवी उरली असेल तर ती वापरण्यासाठी नाही, हे मुलांनी घरी सांगावे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. घोरपडीसारख्या प्राण्याला त्यात सर्वोच्च संरक्षण आहे आणि तिला मारल्यास तुरुंगवास होऊ शकतो.

तिसरी गोष्ट आपल्या भातशेतीची. धामण, मुंगूस, रानमांजर हे सारे उंदीर-घुशींवर जगतात. वर्षभर ते आपले भात राखतात, त्याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. एक मुंगूस मारले तरी त्याची मोकळी जागा पुढे दुसरे घेते, आणि खुराड्याचे भोक तेथेच असते. म्हणूनच आम्ही म्हणतो, आधी भोक बुजवा.

कोंबड्यांसाठी जी बारीक तारेची षटकोनी जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावावी. ती जमिनीत फूटभर खोल गाडावी किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून तिच्यावर दगड ठेवावेत, म्हणजे उकरणारे जनावर अडते. दाराला केवळ सुतळी न बांधता कडी लावावी. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असल्यास आणखी चांगले. पिले महिनाभराची होईपर्यंत डालग्याखाली किंवा वर जुने जाळे ताणलेल्या जागेत ठेवावीत. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत, कारण दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. अंडी रोज काढावीत, पण अंधारात खुराड्यात हात घालू नये. बॅटरी घेऊन आधी पाहावे. आत साप असेल तर मुलांनी लांब राहून मोठ्यांना हाक मारावी आणि मोठ्यांनी सर्पमित्राला बोलवावे.

गिरिराज जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी तर जास्तच काळजी घ्यावी. देशी कोंबडी संकट दिसताच भुर्रकन फांदीवर जाते, या जड कोंबडीला ते तितकेसे जमत नाही.

"जाळीला पैसे कोठून आणायचे?" असे काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु सगळ्या परड्याला जाळी लावा, असे आम्ही म्हणत नाही. दहा कोंबड्या रात्री झोपतात ती जागा एखाद्या कपाटाएवढी असते. तेवढ्यापुरतीच मजबूत जाळी लागते. बाकीचे काम जुन्या फळ्या, दगड आणि नियमितपणा यांनी होते. दिवे लागणीला कोंबड्या मोजून दार लावायला एक पैसाही लागत नाही. उघड्यावर चरणाऱ्या कोंबड्यांपैकी एखादी अधूनमधून जाईल, हेही मान्य करावे लागेल. रानाच्या कडेला राहणाऱ्यांनी तेवढे धरूनच चालावे.

कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाची फुले आणि तोरणे करतो. त्यातले दोन-तीन तास मुलांनी एक पक्के खुराडे बांधण्यात घालवावेत, असे आम्ही शिक्षकांना सुचवतो. माप घेणे, जाळी कापणे, बिजागरी बसवणे हे सारे त्यात येईल. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या खुराड्याभोवती एक फेरी मारावी आणि आपली मूठ जाईल असे भोक कोठे आहे ते शोधावे. जेथे मूठ जाते तेथे मुंगूस सहज जाते. ते भोक आजच बुजवावे, उद्यावर ठेवू नये.