घाटात अडलेली पिशवी

१४ जून हा जागतिक रक्तदाता दिन आणि १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. या दिवसांत रक्तदान शिबिरे भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, रक्ताच्या किती पिशव्या जमल्या याचे आकडे छापून येतात. रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच पंधरवड्यात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याच्या डोंगरांवर पाऊस उतरतो, सावळघाट आणि कोटंबी घाट धुक्यात बुडतात, वीज येते-जाते. नाशिक ते पेठ हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे. मुक्कामी एसटीने जाणाऱ्याला ते फार वाटत नाही. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाणे थांबत नसलेल्या बाईला मात्र ते आयुष्याएवढे लांब असते. असा रक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. पाड्यावरून निघून तालुक्याला पोहोचेपर्यंतच त्यातला बराच वेळ सरलेला असतो. त्यानंतर ‘नाशिकला न्या’ असे सांगणे म्हणजे उपचार नव्हे, नशिबावर हवाला आहे.

या बाईची बाजू आधीच लंगडी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे पाच वर्षांत आपण पुढे गेलो नाही, मागे आलो. हिमोग्लोबिन बारा असलेली बाळंतीण जेवढे रक्त गेल्यावर तग धरते, तेवढे गेल्यावर सात असलेली कोसळते. आदिवासी पट्ट्यात यात सिकलसेलची भर पडते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची विळ्यासारखी वाकलेली पेशी दहा-वीस दिवसांत संपते. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. तपासणी होते, तिचा निकाल सांगणारी रंगीत कार्डे मिळतात, हे चांगलेच आहे. पण कार्ड हातात असलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन मध्यरात्री एकदम उतरले, तर त्याला कार्ड नको असते, पिशवी हवी असते.

मग पिशवी पेठला का नसावी? यावर आरोग्य खात्याचे ठरलेले उत्तर असते : लहान ठिकाणी मागणी कमी, पिशव्यांची मुदत संपते, रक्त वाया जाते. हे उत्तर ऐकायला शहाणपणाचे वाटते, म्हणून ते तपासून पाहिले पाहिजे.

तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही. पिशवीत ती द्रावणातल्या साखरेवर गुजराण करते. दोन ते सहा अंश तापमानात तिची भूक मंदावते. पोषक द्रावण मिसळले तर ती ४२ दिवस वापरण्याजोगी राहते. या काळात पेशीतून पोटॅशियम बाहेर झिरपते, आम्लता वाढते, ऊतींना प्राणवायू सोडायला मदत करणारे द्रव्य दोनेक आठवड्यांत जवळपास संपते. त्यामुळे जुने रक्त म्हणजे कमअस्सल रक्त, अशी शंका डॉक्टरांनाही होती. पण रुग्णाच्या शरीरात गेल्यावर पेशी ते द्रव्य एक-दोन दिवसांत पुन्हा भरून काढते. २०१६ मध्ये चार देशांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ताजे रक्त मिळालेल्यांत आणि मुदतीतलेच पण जुने रक्त मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण वेगळे आढळले नाही.

याचा पेठसाठी अर्थ सरळ आहे. नाशिकमध्ये तपासून तयार झालेल्या पिशव्या पहिल्या आठवड्यात पेठला पाठवाव्यात. तिथे दोन-तीन आठवडे लागल्या नाहीत, तर तापमानाची अखंड नोंद पाहून त्या नाशिकला परत आणाव्यात आणि जिथे रोज रक्त लागते त्या मोठ्या रुग्णालयात उरलेल्या मुदतीत वापराव्यात. धान्याच्या कणगीत जुने आधी, नवे नंतर, हे पेठमधल्या कोणत्याही घराला शिकवावे लागत नाही. नासाडीची सबब खरे तर नियोजनाच्या आळसाची कबुली आहे.

कायदाही आड येत नाही. २००१ मध्येच नियम बदलून, वर्षाला दोन हजारांपेक्षा कमी पिशव्या हाताळणाऱ्या ग्रामीण रुग्णालयांना परवान्याविना रक्त साठवणूक केंद्र चालवण्याची वाट मोकळी झाली. मोठ्या रक्तपेढीशी जोडणी, मान्यता, प्रशिक्षित डॉक्टर आणि तंत्रज्ञ, रक्तासाठीचा खास फ्रीज एवढ्या त्याच्या अटी. पण कागदावर केंद्र मंजूर होणे आणि ते रात्री दोन वाजता चालू असणे यात फरक आहे. तंत्रज्ञ एकच असेल, तर तो रजेवर गेला की रुग्णाच्या रक्ताशी पिशवीची जुळणी (क्रॉसमॅचिंग) कोण करणार? अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर राहिलेली पिशवी पुन्हा फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. मग पावसाळ्यात सलग सहा तास वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसले, तर सगळा साठा फेकावा लागतो. फ्रीज विकत घेणे सोपे असते, तो थंड ठेवणे कठीण.

राज्याने २०१४ मध्ये ‘जीवन अमृत’ योजना आणली होती. १०४ क्रमांकावर फोन केला की शीतपेटीतून दुचाकीवर रक्त येई. कल्पना उत्तम होती, पण तिची हद्द चाळीस किलोमीटरची. पेठ त्या वर्तुळाच्या बाहेर, आणि पुढे ती योजनाही बंद झाली. आफ्रिकेतील रवांडासारख्या छोट्या डोंगराळ देशाने २०१६ पासून दुर्गम दवाखान्यांना ड्रोनने रक्त पोहोचवायला सुरुवात केली. आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२३ मध्ये दिल्ली परिसरात तशी चाचणी घेतली. ड्रोन येईल तेव्हा येवो. आज प्रश्न आहे तो एक शीतपेटी, एक गाडी आणि आठवड्याची एक ठरलेली फेरी यांचा.

‘पेठच्या लोकांनी आधी रक्तदान करावे’ असेही सुचवले जाते. रक्तदानाला ४५ किलो वजन आणि १२.५ हिमोग्लोबिन लागते. ज्या पाड्यांवर कुपोषण आहे तिथे ही अटच अनेकांना बाहेर ठेवते. शिवाय दिवाळीनंतर इथली तरणी माणसे घराला कडी लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गेलेली असतात. ज्या द्राक्षांवर नाशिकची श्रीमंती उभी आहे, त्यांच्या छाटणीला आणि काढणीला हेच हात लागतात. त्या हातांसाठी रक्ताच्या दहा पिशव्या घाटापार नेणे हा उपकार नव्हे, देणे आहे. शेजारच्या सुरगाण्यातील सीमेवरच्या गावांनी २०२२ च्या अखेरीस ‘आम्हाला गुजरातला जोडा’ म्हटले, तेव्हा सगळे सरकार दचकले होते. तो राग सोयी नसल्याचा होता, आणि दवाखाना ही त्यातली पहिली सोय.

आदिवासी उपयोजनेचा निधी आहे, नियम आहे, नाशिकमध्ये रक्त आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि जिल्हा नियोजन समितीने पावसाळा जोर धरण्याआधी तीन गोष्टी कराव्यात : दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ, फ्रीजला स्वतंत्र वीजपुरवठा, आणि पिशव्यांची दर आठवड्याची जा-ये. चौथी गोष्ट फुकट आहे. पेठच्या रुग्णालयाच्या दारात फळा लावा आणि कोणत्या गटाच्या किती पिशव्या आत आहेत, ते रोज संध्याकाळी खडूने लिहा. शिबिरांच्या आकड्यांइतकाच तो आकडाही दरवर्षी १४ जूनला छापून आला पाहिजे.